आफ्रिकेला माल पाठवायचाय? भाव नंतर पाठवा

बडोद्याच्या मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीतल्या छोट्या कारखान्यांत निर्यातीची सुरुवात बहुधा एकाच पद्धतीने होते. कुठल्यातरी प्रदर्शनात व्हिजिटिंग कार्ड मिळतं नाहीतर वेबसाइटवर चौकशी येते, आणि शेठ सांगतात, "ताई, संध्याकाळपर्यंत भाव पाठवून द्या." भाव जातो. मग महिना-दीड महिना तिकडून चकार शब्द नाही. मग शेठच म्हणतात, "तिकडचे लोक नुसता टाइमपास करतात."

मी विजेची कंट्रोल पॅनेलं बनवणाऱ्या कारखान्यात निर्यातीचं बघते. पाण्याचे पंप, तेलाच्या गिरण्या, पिठाच्या गिरण्या यांना लागणारी पॅनेलं. माल जातो केनिया, टांझानिया, युगांडा आणि इथिओपियाला, थोडा नायजेरियाला. इतक्या वर्षांत माझं मत पक्कं झालंय की तिकडे टाइमपास करणारा माणूस विरळा. आपण भाव पाठवतो तेव्हा आपल्याला तीन गोष्टी माहीत नसतात: माल कुठे बसणार, 'हो' कोण म्हणणार आणि डॉलर कुठून येणार. परदेशी माणसाशी कसं वागावं यावर सल्ले देणारे लोक हस्तांदोलन आणि सूट-टायमध्येच अडकतात. ते सगळं विमानात बसल्यावर शिकता येतं. या तीन गोष्टी मात्र कोटेशनच्या आधी विचाराव्या लागतात.

देश एकच घ्या

आफ्रिका खंडात ५४ देश आहेत, त्यामुळे "आम्ही आफ्रिकेत काम करतो" असं छापलेलं माहितीपत्रक तिकडच्या खरेदीदाराला काहीच सांगत नाही. बडोदेकरांना पूर्व आफ्रिका सोपी जाते. सयाजीरावांच्या काळात, १९०८ साली, इथे सुरू झालेल्या बँक ऑफ बडोदाने परदेशातल्या पहिल्या शाखा १९५३ साली मोंबासा आणि कंपालात उघडल्या. गुजराती व्यापारी तिथे त्याआधीच पाय रोवून होते. आजही केनिया, युगांडा, टांझानियात बँक आहे, आणि ग्राहकाची चौकशी करायची तर त्याचा उपयोग होतो.

पण याच सोयीत एक खड्डाही आहे. नैरोबीतला गुजराती व्यापारी फोनवर "केम छो" म्हणाला की आपल्याकडच्यांना वाटतं, झालं, घरचाच माणूस. तो घरचा नाही, तो केनियन आहे. त्याच्या तीन-चार पिढ्या तिथे गेल्या. २०१७ साली केनिया सरकारने तिथल्या आशियाई समाजाला देशाची ४४वी जमात म्हणून मान्यता दिली. त्याला 'देश'प्रेमाची साद घालून उधारी मागू नका आणि त्याने मागितली तर त्याच कारणाने देऊ नका. युगांडात आणखी जपून. १९७२ साली इदी अमीनने आशियाई लोकांना ९० दिवसांत देश सोडायला लावला. काही कुटुंबं पुढे परतली, त्यांनी आपल्या इमारती आणि कारखाने परत मिळवले. तो विषय त्यांनी काढला तर ऐका, आपण होऊन चहाच्या टेबलावर काढू नका.

आणि व्यापारी गुजराती असला तरी तुमचं पॅनेल उघडून बसणारा मेकॅनिक तिथल्या जमातींतला, किकुयू असतो, लुओ असतो, चागा असतो. दुसरी ऑर्डर त्याच्या हातात असते. "तुमचं पॅनेल तिसऱ्यांदा ट्रिप झालं" हे मालकाला तोच सांगणार. व्यापाऱ्याची परवानगी घेऊन त्या मेकॅनिकचा व्हॉट्सॲप नंबर मागून घ्या आणि वायरिंगचा नकाशा थेट त्यालाही पाठवा. आमच्याकडे चांगल्या सूचना जवळजवळ सगळ्या अशाच माणसांकडून आल्या. दरवाजा डावीकडे उघडायला हवा, केबल खालून यायला हवी, असल्या.

एक गोष्ट बडोद्यातच करता येते. आपल्या विद्यापीठांत आफ्रिकेतून आलेले बरेच विद्यार्थी शिकतात. ज्या देशात जायचं तिथला एखादा शोधा, त्याला घरी जेवायला बोलवा, आपलं माहितीपत्रक आणि कोटेशनचं पत्र त्याच्यासमोर ठेवा आणि वाचायला लावा. त्याच्या वेळेचे पैसे द्या, फुकट राबवू नका. आणि रस्त्यात, रिक्षात, भाड्याची खोली शोधताना त्याला आपले लोक काय काय बोलतात तेही विचारा. ते ऐकलं की परदेशात आपल्याविषयी लोक आधी सावध का असतात ते कळतं.

नाव आणि नमस्कार

पहिल्या मेसेजमध्ये कामाचं बोलू नका. "डियर सर, प्लीज फाइंड अटॅच्ड" ही आपली सवय तिकडे कोरडी वाटते. आधी तब्येत, घरचे, पाऊस; दोन ओळी पुरतात. टांझानियात वयाने मोठ्या माणसाला "शिकामू" म्हणतात, तो "मराहबा" म्हणतो. चाळिशीतल्या इंजिनिअरने साठीतल्या गिरणीमालकाला फोनवर एवढं म्हटलं की पुढचं बोलणं सैल होतं. मी पाहिलंय.

नायजेरियात पदवी महत्त्वाची. इंजिनिअर, चीफ, अल्हाजी जे असेल ते कोटेशनवर नावाआधी लिहा. तिकडे 'इंजिनिअर' ही डॉक्टरसारखी नावाआधी लावायची पदवी आहे.

इथिओपियात आडनाव नसतं. पहिलं नाव माणसाचं, दुसरं वडिलांचं, तिसरं आजोबांचं. आपण मधलं नाव वडिलांचं लावतोच, त्यामुळे मराठी माणसाला हे चटकन कळायला हवं. तरीही आपल्याकडचे लोक दुसऱ्या नावाला 'मिस्टर' जोडून मोकळे होतात आणि ग्राहकाला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारतात. पुरुषाला 'आतो' आणि पहिलं नाव, विवाहित बाईला 'वेइझेरो' आणि पहिलं नाव. करारात आणि बँकेच्या कागदांवर तिन्ही नावं पासपोर्टवर असतील तशी उतरवून घ्या.

घड्याळ आणि पंचांग

पूर्व आफ्रिका आपल्यापेक्षा अडीच तास मागे, नायजेरिया साडेचार. हे फोनमध्ये दिसतं. जे दिसत नाही ते असं: स्वाहिलीत आणि इथिओपियात दिवसाचे तास सूर्योदयापासून मोजतात. सकाळी सात म्हणजे एक वाजला, नऊ म्हणजे तीन. इंग्रजीतून बोलताना नैरोबीचा माणूस आपल्यासारखंच नऊ म्हणेल, पण आदिस अबाबाच्या ड्रायव्हरने "उद्या तीन वाजता येतो" म्हटलं तर तो सकाळी नऊला हॉटेलच्या दारात उभा असतो. वेळ ठरवताना "जेवणाआधी की नंतर" एवढं विचारून टाका.

इथिओपियाचं कॅलेंडरही वेगळं. तीस दिवसांचे बारा महिने आणि पाच किंवा सहा दिवसांचा तेरावा. साल आपल्यापेक्षा सात-आठ वर्षं मागे: २०२५ च्या ऑगस्टमध्ये तिकडे २०१७ चालू होतं. नवं वर्ष आपल्या ११ सप्टेंबरला, काही वर्षी १२ला. निविदेतल्या तारखा, गॅरंटीची मुदत, शेवटचा दिवस हे सगळं दोन्ही कॅलेंडरांत लिहून मागा. अधिक महिन्याची सवय असलेल्यांनी यावर हसू नये.

सरकारी ग्राहक असेल तर त्यांचं आर्थिक वर्ष विचारा. केनिया, टांझानिया, युगांडाचं १ जुलैला सुरू होतं, इथिओपियाचं ८ जुलैला, नायजेरियाच्या केंद्र सरकारचं जानेवारीत. आपल्या मार्चसारखी धावपळ तिकडे मे-जूनमध्ये असते. आपण एप्रिलमध्ये फुरसतीने "नव्या वर्षासाठी काही काम आहे का" विचारतो, तेव्हा त्यांचं जुनं वर्ष संपत आलेलं असतं.

डॉलर कुठून येणार

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतात.

ग्राहक प्रोफॉर्मा इन्व्हॉइस, म्हणजे ऑर्डरआधीचं कच्चं बिल, मागतो. आपण पाठवतो. काही आठवड्यांनी तोच प्रोफॉर्मा नव्या तारखेचा मागतो, मालात एका स्क्रूचाही फरक नाही. मग पुन्हा एकदा. आपल्याकडे हिशेब बघणारे काका चिडतात की हा माणूस आपला कागद दाखवून दुसऱ्याकडून भाव पाडून घेतोय. कधी तसं असतंही. पण ज्या देशात डॉलरची टंचाई आहे, तिथे आयातदाराला आधी बँकेकडे परकीय चलनाची मागणी नोंदवावी लागते आणि तिच्यासोबत प्रोफॉर्मा जोडावा लागतो. बँकेच्या रांगेत नंबर येईपर्यंत प्रोफॉर्माची मुदत संपते. म्हणून नवी तारीख. इथिओपियात वर्षानुवर्षं हे असंच चाललं. २०२४ च्या जुलैअखेर सरकारने आपलं चलन, बिर, बाजारभावावर सोडलं आणि काही आठवड्यांत त्याची किंमत जवळजवळ निम्म्यावर आली. नायजेरियाने २०२३ च्या जूनमध्ये नायराचा दर मोकळा केला, पुढच्या वर्षभरात तो निम्म्याच्याही खूप खाली गेला. इजिप्तनेही २०२४ च्या मार्चमध्ये पौंड मोकळा केला, तोही एक तृतीयांशाहून जास्त घसरला.

आता ग्राहकाच्या खुर्चीत बसून बघा. त्याने तुमच्याशी दहा हजार डॉलरला सौदा केला, तेव्हा त्याच्या हिशेबात एक रक्कम होती. आज तेच दहा हजार डॉलर त्याला दुप्पट पैशात पडतात. तुम्ही भाव एका पैशाने वाढवलेला नाही, तरी त्याच्यासाठी माल दुप्पट महाग झालाय. तो फोन उचलत नाही याचं कारण तेवढंच असतं, आणि हे तोंडाने सांगायची त्याला लाज वाटते, कारण सौद्याला 'हो' तर तोच म्हणाला होता. अशा वेळी "ऑर्डर कधी देताय" असं रोज विचारणं म्हणजे जखमेवर मीठ. त्याऐवजी विचारा: आधी अर्धा माल घ्याल का? मोठ्या पॅनेलऐवजी दोन छोटी, टप्प्याटप्प्याने? या प्रश्नाला उत्तर येतं.

प्रोफॉर्मा पाठवताना दोन गोष्टी सांभाळा. भावाची मुदत लिहा आणि त्याखाली, मुदतीनंतर तांबं आणि ॲल्युमिनियमच्या बाजारभावाप्रमाणे किंमत पुन्हा ठरेल अशी ओळ घाला. पॅनेलच्या बसबारमध्ये, म्हणजे आतल्या वीज वाहणाऱ्या पट्ट्यांत, पैसा तिथेच अडकतो. दुसरं, प्रोफॉर्माचा मजकूर सारखा बदलू नका. मालाचं वर्णन पहिल्या दिवशी जसं लिहिलं तसंच शेवटपर्यंत ठेवा, कारण तेच पुढे एलसीत (लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे कागद बरोबर असले तर पैसे देण्याची ग्राहकाच्या बँकेची लेखी हमी) उतरतं.

एलसीबद्दल थोडं सविस्तर. डॉलरटंचाईच्या देशात एलसीच मागा आणि शक्य तिथे दुसऱ्या भक्कम बँकेने पुष्टी दिलेली मागा. पुष्टी देणारी बँक स्वतः पैशाची हमी घेते, मग तिकडची बँक अडली तरी तुमचे पैसे अडत नाहीत. त्याला खर्च येतो, तो भावात धरा. कागदपत्रांचे नियम यूसीपी ६०० या एलसीच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीत आहेत, २००७ पासून चालू. एलसीत वेगळं काही लिहिलं नसेल तर माल जहाजावर चढल्यापासून २१ दिवसांत कागद बँकेत पोचले पाहिजेत, तेही एलसीची मुदत संपायच्या आत. बँकेला ते तपासायला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस. बँक पॅनेल बघत नाही, कागद बघते. एलसीत 'मोटर कंट्रोल पॅनेल' आणि आपल्या बिलात 'स्टार्टर बोर्ड' असेल तर कागद अडले म्हणून समजा. एलसी उघडण्याआधीच तिचा मसुदा मागवा, आपल्या बँकेतल्या फॉरेक्स डेस्कच्या माणसासमोर बसून ओळ न् ओळ वाचा, आणि जमणार नाही ते तेव्हाच बदलून घ्या.

केनिया-टांझानियात नियमित ग्राहक काही रक्कम आगाऊ आणि बाकी मालाचे कागद बँकेतून सोडवून घेताना असं करतात. नवा ग्राहक असेल तर ईसीजीसीकडून त्याची मर्यादा मंजूर करून घ्या. निर्यातीचे पैसे बुडण्याविरुद्ध विमा देणारी, १९५७ पासून हेच काम करणारी सरकारी संस्था आहे, आणि आपल्याकडचे छोटे कारखानदार तिच्या हप्त्याचे पैसे वाचवतात आणि मग रात्री जागतात.

कोणी "फाइल पुढे सरकायला काहीतरी करा" म्हटलं तर मी सरळ सांगते की एजंटचं कमिशन करारात लिहिलेलं असेल आणि ते बँकेतून त्याच्याच कंपनीच्या खात्यात जाईल. काही ऑर्डरी यात जातात. जाऊ द्याव्यात.

माल कुठे बसणार

बडोदा समुद्रसपाटीपासून जेमतेम चाळीस मीटरवर आहे. नैरोबी सतराशे मीटरच्या वर, आदिस अबाबा सुमारे २,३५० मीटरवर. तिथली हवा विरळ. विरळ हवेत उष्णता लवकर बाहेर पडत नाही आणि हवेची इन्सुलेशनची ताकदही कमी होते. मोटारी आणि व्हीएफडी (मोटारीचा वेग कमी-जास्त करणारं उपकरण) यांची छापील क्षमता साधारण १,००० मीटरपर्यंत खरी असते. त्यावर बहुतेक व्हीएफडी उत्पादक दर १०० मीटरला एक टक्का कमी धरायला सांगतात, म्हणजे आदिसला तेरा-चौदा टक्के गेले. लो-व्होल्टेज पॅनेलचं आयईसी हे आंतरराष्ट्रीय मानक २,००० मीटरपर्यंतची जागा गृहीत धरतं. आदिस त्याच्याही वर. त्यामुळे बडोद्यात टेस्टिंगला फुलासारखं चाललेलं पॅनेल तिकडे दुपारी ट्रिप होऊ शकतं, आणि मग "इंडियन माल" असा शिक्का बसतो.

म्हणून पहिल्याच फोनवर विचारा: पॅनेल कुठल्या गावात, किती उंचीवर, खोलीत की उघड्यावर? जनरेटरवर चालणार का? मोंबासा आणि दार-ए-सलाम समुद्रावर, तिथे दमट खारी हवा. पॅनेलमध्ये हीटर आणि चांगलं पावडर कोटिंग हवं. हे प्रश्न विचारले की समोरच्या इंजिनिअरचा आवाज बदलतो. त्याला कळतं की हा माणूस कॅटलॉग विकायला बसलेला नाही. माझ्या अनुभवात विश्वास बसायला याहून जवळचा रस्ता नाही.

बारीक गोष्टी. पॅनेलमधला सॉकेट केनिया, टांझानिया, युगांडात तीन चपट्या पिनांचा, इथिओपियात गोल पिनांचा. धोक्याच्या पाटीवर टांझानियासाठी स्वाहिलीत 'हतारी' छापा. केनियाला माल जाण्याआधी इथेच तपासणी होऊन प्रमाणपत्र लागतं, टांझानियाचीही तशीच पद्धत आहे, नायजेरियाला सॉनकॅप नावाचं त्यांचं प्रमाणपत्र. हा खर्च आणि वेळ कोणाच्या माथी, ते कोटेशनमध्येच लिहा. केनियात सागरी विमा आयातदाराने तिथल्याच कंपनीकडून घ्यायचा असतो, त्यामुळे विम्यासकट भाव देण्यात अर्थ नाही. इथिओपियाला समुद्र नाही, माल जिबूतीत उतरून पुढे रस्त्याने किंवा रेल्वेने जातो, तेव्हा पेटी दोनदा जास्त हाताळली जाणार हे धरून बांधणी करा. लाकडी पेटीवर आयएसपीएम १५ चा, म्हणजे लाकडातली कीड मारल्याचा, शिक्का हवाच.

'हो' ओळखणं

तोंडावर स्पष्ट नकार देणं तिकडे बहुतेक ठिकाणी उद्धटपणा समजतात. आपल्याकडेही मुलगी पसंत नसली तर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवतातच की. तेव्हा "छान आहे, कळवतो" यावरून काही ठरवू नका, प्रश्न बघा. नुसता भाव आणि सूट विचारली तर तुलना चालू आहे. सुटे भाग कुठे मिळतील, बसवायला कोण येणार, त्याच्या व्हिसाचं पत्र कोणाच्या नावे हवं, असं विचारलं की समजायचं, आत कुठेतरी निर्णय झालाय. आणि बैठकीत सगळ्यात कमी बोलणारा म्हातारा बघा. बऱ्याचदा सही त्याची असते.

तिथे गेल्यावर

भेट म्हणून मी बडोद्याची भाकरवडी नेते. पॅक केलेली, शाकाहारी. मुसलमान घरात चालते आणि साहित्यात दूध नाही हे पाहून घेतलं तर इथिओपियातल्या उपासालाही. ऑफिसात सगळ्यांसमोर द्यायची, दोन्ही हातांनी किंवा उजव्या.

शाकाहारी मंडळींनी इथिओपियाला घाबरू नये. तिथले ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती बुधवारी आणि शुक्रवारी उपास पाळतात, त्या दिवशी मांस, अंडी, दूध काही नाही, आणि इंजेरा या डोशासारख्या आंबट पोळीवर सात-आठ प्रकारच्या डाळी-भाज्या येतात. बैठक शक्यतो त्याच वारांना ठेवा, जेवणाची चिंता मिटते. यजमानाने स्वतःच्या हाताने घास भरवला तर दचकू नका, त्याला गुर्शा म्हणतात, मान आहे तो. कॉफी घरी केली असेल तर तीन फेऱ्या होतात. पहिल्या कपानंतर घड्याळ बघत उठू नका. दुपारी दुसरी बैठक ठेवूच नका.

पॅनेल बसवायला गेलेल्या आपल्या पोरांना एक तंबी द्या: ग्राहकासमोर आपसात गुजराती-हिंदीत कुजबुजायचं नाही. पूर्व आफ्रिकेतल्या कित्येक कामगारांनी गुजराती मालकांकडे आयुष्य काढलंय, त्यांना सगळं समजतं. "मग मराठीत बोलू का ताई?" असं एकाने विचारलं होतं. मराठीतही नाही.

पोरांनी निघण्याआधी तिथल्या मेकॅनिकच्या हातून पॅनेल एकदा पूर्ण बंद करून चालू करून घ्यावं, फ्यूज बदलवून घ्यावा आणि वायरिंगचा नकाशा दरवाज्याच्या आत चिकटवावा. वॉरंटी बिलाच्या तारखेपासून न धरता पॅनेल चालू झाल्याच्या तारखेपासून धरा, पण त्याला वरची मर्यादाही घाला, कारण माल बंदरात किंवा गोदामात महिनोन् महिने पडून राहू शकतो.

शेवटचा हप्ता आला की लगेच बँकेत जाऊन त्या शिपिंग बिलाची (कस्टममधल्या निर्यातीच्या कागदाची) ईडीपीएमएसमधली, म्हणजे निर्यातीचे पैसे आले का हे पाहणाऱ्या रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेतली, नोंद बंद करून घ्या. बँकेचे चार्जेस कापून रक्कम थोडी कमी आली असेल तर तो फरक तेव्हाच लिहून द्या. नोंदी उघड्या राहत गेल्या की पुढच्या ऑर्डरच्या वेळी आपलीच बँक प्रश्न विचारायला लागते, आणि तोवर कागद शोधणारा माणूस बहुधा नोकरी सोडून गेलेला असतो.